कोणती वाटी?

आमच्या घरातली एक वाटी पानात कधी वाढली जात नाही. स्टीलची, सरळ काठाची, एका अंगाला पोचा आलेली. तळाशी आईच्या नावाची आद्याक्षरं आणि '१९-४-७१' ही तारीख. तुळशीबागेत भांडं घेतलं की दुकानदार तिथल्या तिथे छिन्नीने ठकठक करत नाव घालून देई, तसं घातलेलं. तिच्यात कुणी आमटी घ्यायला लागलं की आई म्हणायची, "ती नको गं, ती रुचिराची आहे."

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' प्रसिद्ध झालं १९७० साली. वडिलांनी ते पुढच्या वर्षी, पाडव्याच्या सुमारास, अप्पा बळवंत चौकातून आणलं. मी नुकतीच मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. पुस्तकातली मापं वाटी-चमच्याची. आईने पहिल्याच संध्याकाळी फडताळातल्या सगळ्या वाट्या काढून ओट्यावर मांडल्या. जेवणातल्या, तुपाच्या लहानग्या, पितळेच्या कल्हई उडालेल्या, आत्याने दिलेल्या जर्मनच्या. एकीत तांदूळ शिगोशीग भरायचे आणि दुसरीत ओतायचे. कुठे सांडायचे, कुठे दोन बोटं रिकामं राहायचं. अर्ध्या तासात तिच्या लक्षात आलं की घरात वाट्या सतरा असल्या तरी 'वाटी' एकही नाही. मग ही एक नवी आली आणि तिच्यावर तारीख पडली. एखाद्या घरात माप ठरल्याची तारीख कोरून ठेवलेली असते, हे मला तेव्हा विशेष वाटलं नाही. आता वाटतं.

त्याआधी आमच्याकडे मापं नव्हती असं मुळीच नाही. नारायण पेठेतल्या वाड्यात आजीचा कारभार चिपट्या-मापट्यांवर चाले. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पितळी मापटं धान्याच्या कोठीतच उपडं असे. वजनाला पावशेर, नवटाक, तोळा. मसाल्याचे जिन्नस 'रुपयाभार' घ्यायचे, कारण जुना चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे आजच्या हिशेबाने साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर. दुकानात वजन नसलं तर तराजूत रुपयाच टाकत. त्याखालचं सगळं हाताचं होतं: पसा, ओंजळ, मूठ, चिमूट, बोटाचं पेर. भाताला पाणी किती? तर तांदळावर बोटाची दोन पेरं. आजीची बोटं आखूड होती. आई लग्न होऊन आली तेव्हा तिची लांब बोटं भाताला नडली आणि पहिले काही दिवस घराने गिच्च भात खाल्ला, असं आत्या सांगत असे.

आजी लग्नानंतर सेवासदनात लिहायला-वाचायला शिकली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली उभ्या राहिलेल्या या संस्थेत कितीतरी लग्न झालेल्या बायका अक्षरं गिरवायला जात, त्यांतली ती एक. अक्षर आल्यावर तिने जी पहिली गोष्ट लिहून काढली ती गोड्या मसाल्याची यादी. लाल कापडी बांधणीची वही होती. धने इतके शेर, दगडफूल इतकं रुपयाभार, नागकेशर, तमालपत्र, खोबरं, तीळ. कृती जवळजवळ नाहीच. भाजायचं किती, हे लिहायची तिला गरज नव्हती, कारण वही तिच्यासाठी होती आणि तिच्या नाकाला ते ठाऊक होतं.

छापील पाककृतींचं पुस्तक पुण्याला मात्र आजीच्या जन्माआधीपासून माहीत होतं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ साली पुण्यात निघालं. रावजी श्रीधर गोंधळेकरांनी ते प्रसिद्ध केलं. नावातलं सूप म्हणजे हॉटेलात जेवणाआधी येतं ते नव्हे. संस्कृतात सूप म्हणजे वरण, आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. त्याआधी पाकविद्येवर लिहिलं जाई ते दरबारासाठी. तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्तांनी संस्कृतात 'भोजनकुतूहल' लिहिलं. पुढे दुसऱ्या सरफोजींच्या मुदपाकखान्यातल्या कृती मराठीत 'शरभेंद्र पाकशास्त्र' म्हणून उतरल्या. ती हस्तलिखितं राजाच्या ग्रंथालयात राहिली. गुप्त्यांचं पुस्तक मात्र पैसे टाकून कुणालाही विकत घेता येत होतं, आणि त्याचं मोठेपण मला त्यातच वाटतं.

पण घेत कोण असेल? भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली १८४८ साली. 'सूपशास्त्र' आलं तेव्हा त्या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली होती आणि हुजूरपागेतलं मुलींचं हायस्कूल सुरू व्हायला अजून नऊ वर्षं होती. १९११च्या जनगणनेतसुद्धा हिंदुस्थानात शंभर बायकांमागे जेमतेम एकीला लिहिता-वाचता येत होतं. म्हणजे चुलीपुढे बसणारीला पुस्तक वाचता येत नव्हतं आणि वाचता येणारा चुलीपुढे बसत नव्हता. माझा कयास असा की ही पुस्तकं पुरुषांनी घेतली, हौसेने चाळली, आणि फार तर ओटीवरून माजघरात वाचून दाखवली. रोजच्या स्वयंपाकात पुस्तक शिरायचं तर ज्या हाताला पीठ लागलंय त्याच माणसाच्या डोळ्यांना अक्षर यायला हवं होतं. पाकपुस्तकांचा इतिहास हा मुलींच्या शाळांच्या इतिहासाला असा चिकटलेला आहे.

बाईने बायकांसाठी लिहिलेलं मोठं पुस्तक आलं ते मुंबईहून, १९१०च्या आसपास: लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया'. पाठारे प्रभूंच्या घरातलं मासळी-मटण त्यात होतं. आमच्या वाड्यात ते कुणी घेतलं नसतं. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढलं आणि गृहजीवनशास्त्र हा शिकण्याचा विषय झाला. १९४३ साली सारस्वत महिला समाजाने मुंबईत 'रसचंद्रिका' काढली. ही सगळी पुस्तकं मी पुढे ग्रंथालयात बसून पाहिली. आमच्या घरात तेव्हा त्यांतलं एकही नव्हतं, कारण आजी होती. आजी असलेल्या घरात पुस्तकाची काय गरज?

मग बारा वर्षांच्या आत दोन-तीन गोष्टी अशा घडल्या की आजीचं सगळं गणितच कोलमडलं.

पहिली, किलो. १९५८पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजनं आली आणि १९६२पर्यंत शेर-तोळे कायद्याने बाद झाले. बंगाली शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमच्या आसपास. वाण्याकडे 'पावशेर' मागितलं की तो पाव किलो, अडीचशे ग्रॅम द्यायचा. जुना पावशेर असायचा २३३चा. फरक पळीभराचा, पण आजीच्या मसाल्यात दहा जिन्नस होते आणि दहाही जिन्नस सारखे वाढत नव्हते. ती म्हणायची की हल्लीच्या धन्यांना वास राहिला नाही. धने तेच होते. माप बदललं होतं.

दुसरी, पूर. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. मी सात वर्षांची होते. आम्हाला वडिलांनी पर्वतीच्या पायथ्याशी मामाकडे नेलं ते अंगावरच्या कपड्यांनिशी. चार दिवसांनी मोठी माणसं परत गेली तेव्हा माजघरात मांडीइतका चिखल होता. कोठी आडवी पडली होती. मापटं मिळालं नाही, पायली मिळाली नाही. लाल वही चिखलाच्या एका वडीत सापडली. आजीने ती पाटावर ठेवून उन्हात वाळवली आणि पानं सोडवायला गेली तर कागदाचा लगदा हातात आला. शाई सगळी विरघळून निळसर डाग राहिले होते. ती रडली नाही. "मला पाठ आहे," म्हणाली. पण पुढे आम्हाला सहकारनगरला घर मिळालं, दोन खोल्यांचं, आणि आजी धाकट्या काकाकडे राहिली. पाठ होतं ते तिच्याबरोबर गेलं, आणि १९६८ साली तीही गेली.

तिसरी, वाडाच सुटला. वाड्यात स्वयंपाक शिकवावा लागत नसे. आठ बिऱ्हाडं, एक आड, एक चौक. कुणाच्या फोडणीत मोहरी जळली हे पलीकडच्या बिऱ्हाडाला कळे आणि तिथून ओरडा येई. सहकारनगरच्या घराला दार होतं आणि ते बंद असे. आई नोकरीला लागली होती. चूल गेली, शेगडी गेली, वातीचा स्टोव्ह आला, नंबर लावून दोन वर्षांनी गॅस आला, प्रेशर कुकर आला. 'रटरट शिजू द्यावे', 'निखाऱ्यावर ठेवावे' हे शब्द राहिले, निखारे नाहीसे झाले. शिट्ट्या किती करायच्या हे आजीला विचारून कळणार नव्हतंच.

या रिकाम्या जागेत 'रुचिरा' आलं. कमलाबाईंचा जन्म १९१३चा, सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा. शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाक शिकल्या सासूबाईंच्या हाताखाली. त्याच कुंडलजवळच्या कुंडल रोड स्टेशनापाशी, औंध संस्थानच्या माळावर, त्यांच्या जन्माच्या तीन वर्षं आधी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभी केली, ती किर्लोस्करवाडी. तिथून शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली 'स्त्री' मासिक सुरू केलं. पुढे ही मासिकं पुण्याला आली, आणि कमलाबाईंचं पुस्तक काढलं ते याच किर्लोस्करांनी. एकाच परिसरातून नांगर निघाला, मासिक निघालं आणि वाटीचं मापही निघालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वाटीच का, याचं माझं उत्तर मी आईच्या घरातल्या अनुभवावरून देते. शेर कायद्याने गेला होता. ग्रॅम कायद्याने आला होता, पण घरात तराजू कुणाच्या होता? चिपटी-मापटी बोहारणीने नेली होती नाहीतर नदीने. पुणेरी घरात, सांगलीच्या घरात, बदलीवर नागपूरला गेलेल्याच्या घरात न चुकता असणारं एकच भांडं उरलं होतं. शिवाय वाटीने प्रमाण सांगितलं की वजन किती हा प्रश्नच राहत नाही. डाळ एक, तांदूळ दोन, पाणी अमुक. वाटी लहान घ्या, मोठी घ्या, नातं तेच. चौथी शिकलेल्या बाईने हे ओळखलं आणि अख्खं पुस्तक त्याच एका धाग्यावर ओवलं. मोठमोठ्या शास्त्रपुस्तकांना जमलं नाही ते या एका निवडीने साधलं, असं मी मानते.

लोक म्हणतात, पुस्तकं सणासुदीची, रोजच्या स्वयंपाकाला पुस्तक कोण उघडतं? आमचं पुस्तक पहा. त्यातली कोरी राहिलेली पानं पक्वान्नांची आहेत. आमटीचं पान मात्र हळदीने असं माखलंय की उन्हात धरलं तर पलीकडचं दिसतं. समासात आईची पेन्सिल आहे. 'चमचा = पोह्यांचा, चहाचा नव्हे.' खाली, 'गूळ आपल्याकडे दीडपट.' त्याखाली शाईने, 'चिंच डाळ पूर्ण शिजल्यावरच. आधी घातल्यास दाणा तसाच राहतो.' भाताच्या पानावर: 'नवा आंबेमोहोर, पाणी पाऊण वाटी कमी. जुना असल्यास पुस्तकाप्रमाणे.' या एका ओळीसाठी तिने किती भात बिघडवला असेल ते मला ठाऊक आहे, मी खाल्लाय तो. अनारशांच्या पानावर एवढंच: 'दिवाळी ७४. हसले.' अनारसा तुपात पडल्याबरोबर विरघळून पसरला की तो 'हसला' म्हणतात. शेजारी कारण लिहिलंय, 'गूळ नवा, ओलसर'.

मला सर्वांत मोलाची वाटते ती ७२-७३ची नोंद. दुष्काळाचं वर्ष. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळे. भाकरी थापताना कडा फाटत, तव्यावर टाकताना दोन तुकडे होत. भाकरीच्या पानाच्या खालच्या रिकाम्या जागेत आईने लिहिलंय, 'मिलो: पाणी उकळून, पिठात ओतून, झाकून ठेवणे. कोमट असतानाच मळणे. तरी फुगत नाही. मुलांना दुधात कुस्करून.' आणि शिऱ्याच्या पानावर तुपाचा शब्द खोडून 'डालडा', साखरेपुढे 'निम्मी'. त्या वर्षाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण रोज संध्याकाळी सात वाजता सहकारनगरच्या एका ओट्यावर दुष्काळ कसा दिसत होता ते मला या समासातच वाचायला मिळतं.

आई दुपारी ऑफिसात आणि मी कॉलेजात, म्हणून कुकर लावायची पाळी चौदा वर्षांच्या भावावर आली. वाड्यात असतं तर त्याला कुणी स्वयंपाकघरात फिरकू दिलं नसतं. शिकवणाऱ्या सगळ्या बायका आणि शिकायचं मुलींनी, असाच तो वर्ग होता. पुस्तकाला मुलगा-मुलगी कळत नाही. त्याने वाटी घेतली, वाचलं, मोजलं, आणि वरण-भात केला. चव सपक होती. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मीठ विसरू नये.' ती ओळ अजून आहे.

नंतर मंगला बर्व्यांचं 'अन्नपूर्णा' आलं, जयश्री देशपांड्यांचं 'हमखास पाकसिद्धी' आलं. १९७३ साली सुरू झालेल्या 'कालनिर्णय'च्या पानामागे पाककृती येऊ लागल्या आणि महिना संपला तरी पान फाडायचं नाही असा घरात दंडक झाला. आकाशवाणीवरच्या बायकांच्या कार्यक्रमात कृती सांगत तेव्हा आई वाटीला 'वा' आणि चमच्याला 'च' करून भराभर उतरवून घेई. ते कागद सगळे 'रुचिरा'च्या पोटात. पुस्तक आता मिटत नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली, आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खरं होणार नाही. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाई भवानी पेठेत वाढलेल्या. मधल्या सुट्टीत मी कौतुकाने पुस्तक दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत चाळलं, मिटलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण आमच्या आईचं यात काय आहे?" मी गप्प झाले. वाटी सगळ्यांच्या घरात होती, पण वाटीत काय आहे हे धरूनच पुस्तक लिहिलेलं होतं. तूरडाळ आहे, तूप आहे, ओलं खोबरं आहे. सुकट-भाकरीचं, वजडीचं, रक्तीचं, उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्यांचं पान त्यात नव्हतं. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री-अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी गोळा करून २००९ साली 'इजन्ट धिस प्लेट इंडियन?' हे पुस्तक केलं. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं २०१५ साली, मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या जेवणाचं. मराठीत 'सूपशास्त्र' छापलं गेल्यावर हे पान यायला एकशेचाळीस वर्षं लागली. मी ते पुस्तक घेऊन त्या बाईंकडे गेले. त्यांनी चान्यांचं पान काढलं, वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या की त्यांची आई एवढं तिखट घालत नसे. मग पर्समधून पेन काढून त्यांनी समासात लिहिलं.

गेल्या महिन्यात बाणेरहून भाचीचा फोन आला. तिच्या ओट्यावर ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा विजेचा काटा आहे. "मावशी, आजीची आमटी करायचीये. तू पाठवलेल्या पानाच्या फोटोत एक वाटी डाळ लिहिलंय. कोणती वाटी?"

मी वाटी घेऊन तिच्याकडे गेले. आम्ही ती काठोकाठ पाण्याने भरून काट्यावर ठेवली. मग पुसून तुरीच्या डाळीने भरली, बोटाने सपाट केली, पुन्हा ठेवली. मग तांदळाने. पोच्यामुळे थोडं कमी भरत असणार, ती म्हणाली. मी म्हटलं, पोचा ७६ सालापासून आहे, नंतरचे सगळे हिशेब त्याच्यासकट झालेत. तिने आकडे सांगितले आणि मी 'रुचिरा'च्या पहिल्या कोऱ्या पानावर, वडिलांनी लिहिलेल्या तारखेखाली, पेन्सिलीने उतरवले: पाणी १५० मिली. तूरडाळ १३४ ग्रॅम. तांदूळ १२८, आंबेमोहोर, नवा.